ऊभो रे

आमच्या घरात हळू बोलणारा माणूस आजारी आहे असं समजत. नाना, म्हणजे माझे वडील, ज्या आवाजात बैलांशी बोलत त्याच आवाजात मायशी बोलत, आणि माय त्याच्या दीडपट आवाजात उत्तर देई. भांडण वेगळं आणि बोलणं वेगळं हे मला बरंच मोठं होईपर्यंत कळलं नव्हतं. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज, मधूनमधून मायच्या शिव्या, गोठ्यातून नानांचं खाकरणं, आणि या सगळ्यावर चुलत्यांचा निवृत्ती, जो आमच्यातच राहायचा आणि माझ्याहून तीन-चार वर्षांनी थोरला होता, त्याचं उगाचच्या उगाच हसणं. निवृत्तीला कशाचंही हसू यायचं. कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधला की हसू, म्हातारा पाय घसरून पडला की हसू. घरातले म्हणत, पोरगं आनंदी आहे. मला आता वाटतं, काही माणसांना दुसऱ्याचं दुखणं हीच करमणूक लागते, आणि आपण त्याला आनंदी स्वभाव म्हणतो.

वाटूरच्या त्याच गल्लीत, आमच्या अगदी समोर, हस्तीमल शेटजींचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागं घर. तिकडून दिवसभर एकच आवाज यायचा, कापड फाडल्याचा. शेटजी कात्रीनं एक लहानशी चीर द्यायचे आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन पुढचं फाडायचे. रेघ इकडची तिकडं व्हायची नाही. त्यांचे आजोबा मारवाडातून आले होते म्हणे. शेटजी मात्र आमच्यासारखं धोतर नेसत, आमच्यासारखं बोलत, खरं म्हणजे आमच्याहून जास्त गावठी बोलत. बाजाराच्या दिवशी मंठ्याकडचे शेतकरी दुकानात आले की 'काय पावणं, लई दिसानं आल्ता' हे ते असं काही म्हणत की नवा माणूस त्यांना पाटलाच्या भावकीतला समजे. याचा त्यांना फार अभिमान होता. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि कोण इथला, कोण बाहेरचा याचा हिशोब गावोगाव चावडीवर बसून मांडला जात होता. कुणी चेष्टेत 'तुमच्या देसात' असं म्हणालं की शेटजी हसत, पण कान लाल होत.

कुंदन त्यांचा धाकटा. माझ्या वर्गातला, माझा मित्र. गोरा, गुबगुबीत, दोन पावलं पळाला की धापा टाकणारा, आणि डोक्यावर कायम काळी टोपी. त्याच्या घरी मी पुष्कळदा जेवलो आहे. माझी थाळी वेगळी असे, कोनाड्यात पालथी ठेवलेली, आणि मी बसायचो ते उंबऱ्याच्या अलीकडं. त्याचं मला काही वाटत नसे, कारण त्या थाळीत येणारा फुलका आमच्या घरी सणालाही मिळायचा नाही. दादी, म्हणजे कुंदनची आजी, चुलीपुढं बसून तो विस्तवावर फुगवायची आणि तुपाचं बोट फिरवून लांबूनच थाळीत टाकायची. सूर्य बुडायच्या आत त्यांची जेवणं उरकत. आमच्या घरी चूल पेटायची तेव्हा त्यांच्याकडं भांडी घासून झालेली असायची. कांदा, लसूण, बटाटा यांचं त्या घरात नावही नसे. निवृत्तीला ह्या गोष्टीचंसुद्धा हसू यायचं.

त्या काळी आम्हाला धोंड्यांचं वेड लागलं होतं. मंठ्याच्या पुढं, पूर्णेच्या अंगाला डोंगराची बुटकी रांग आहे, आणि तिच्या पायथ्याशी माझ्या मावशीचं गाव होतं. त्या डोंगरावर घराएवढाले काळे धोंडे पडलेले, कुणी टाकून दिल्यासारखे. त्यांच्यावर चढायचं, एवढाच खेळ. दोर नाही, काठी नाही, पायात वहाण नाही. अलीकडं माझा नातू शहरात पैसे भरून भिंतीवर चढायला जातो, खाली गादी असते, आणि चढल्यावर त्याचा फोटो काढतात. मला तो दाखवतो. मी चांगलं म्हणतो.

आमची पद्धत अशी होती. धोंड्याला पोटानं चिकटलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून एकानं खाली उभं राहून सांगायचं, डावा वीतभर वर, उजवा तिरका, तिथं खाच हाय. चढणाऱ्यानं विचार करायचा नाही, फक्त ऐकायचं. विचार करायला लागला की हात कापायला लागतात. कुंदनला स्वतःला चढता यायचं नाही, पण त्याची नजर शेटजींची होती. कापडाची सरळ रेघ पाहणारी ती नजर दगडातली खाचही बरोब्बर पाहायची. तो सांगेल तिथं मी डोळे मिटून पाय ठेवायचो. आणि म्हणून, आणि त्याच्या आईच्या पुऱ्यांसाठी, आम्ही त्याला बरोबर न्यायचो. निवृत्ती फक्त पुऱ्यांसाठी म्हणायचा.

शिमग्याच्या सुट्टीत आम्ही तिघं मावशीकडं गेलो. मंठ्यापर्यंत सरकीच्या गाडीत बसून, पुढं पायी. पळस फुलला होता आणि डोंगर उन्हात तापून असा दिसत होता की त्याच्यावर भाकरी भाजावी. सकाळी वर निघालो तेव्हा मावशीनं धपाटे आणि लसणाचा ठेचा बांधून दिला. कुंदनकडं त्याच्या घरच्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं होतं. वर एका सावलीला बसून खायला लागलो. कुंदन पाणी प्यायला झऱ्याकडं गेला तेवढ्यात निवृत्तीनं त्याच्या पुरीची घडी उलगडली, आत ठेचा भरला, वरून लोणच्याचा खार चोपडला आणि पुन्हा घडी घालून ठेवली. मी 'नको' म्हणालो. निवृत्तीनं डोळा मारला. कुंदन आला, घास घेतला, चावला, आणि मग त्याच्या तोंडावर जे आलं ते मी आजही विसरलेलो नाही. त्याला तिखट लागलं नव्हतं. त्याला कळलं होतं. तो धोंड्याआड जाऊन ओकला, तोंड धुतलं, पुन्हा ओकला. निवृत्ती गडबडा लोळत होता. "आता तू आमच्यातला झाला रे!" असं ओरडत होता. कुंदन परत आला तेव्हा डोळे लाल होते. त्यानं उरलेल्या पुऱ्या फडक्यात गुंडाळल्या आणि एवढंच म्हणाला, "घरी सांगू नका. दादी जेवणार न्हाई मंग." मला निवृत्तीचा भयंकर राग आला, पण तो थोरला होता आणि मी त्याचा मार खाल्लेला होता.

त्या डोंगरावर टकल्या नावाचा एक धोंडा होता. दुमजली घराएवढा, वरून गुळगुळीत. अर्ध्यावर गेलं की एक उतरता खांदा लागे. तिथं पालीसारखं पोटावर सरपटत आडवं जावं लागे, कारण वरचा दगड पडवीसारखा पुढं आलेला होता. मान वर केली की डोकं आपटलंच. तो खांदा ओलांडला की माथा. तोवर कुणी ओलांडला नव्हता, निवृत्तीनंही नाही, आणि मला त्याच्यापुढं तो ओलांडायचा होता. कुंदन नेहमीप्रमाणे खाली उभा राहिला. त्याचा आवाज बसला होता, पण तो सांगत होता, "डावा वर. अजून. बराबर. उजवा तिथंच ठिव." मी खांद्यावर पोचलो, पोटावर झालो, सरकायला लागलो. दगड पोटाला भाजत होता. माझ्या उजव्या पायाखाली दगडाचा एक पापुद्रा होता. तो सुटत होता. मला ते कळत नव्हतं. खालून कुंदनला दिसत होतं.

तो ओरडला. "उभा रे! अंकुश, उभा रे! उभा रे!"

मी उभा राहिलो. ऐकायचं, विचार करायचा नाही, हीच तर पद्धत. डोकं वरच्या दगडावर आपटलं, डोळ्यांपुढं पांढरं झालं, आणि मग मी हवेत होतो. पडल्याचं आठवतं ते असं, की आवाज आधी आला आणि दुखणं मागाहून. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज. मी बघितलं तर माझा डावा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला होता. कुंदन माझ्या डोक्याशी बसून रडत होता आणि त्याच्या घरच्या बोलीत काहीतरी सारखं सारखं म्हणत होता. निवृत्ती मावशीच्या गावाकडं माणसं आणायला पळाला. तेवढं त्यानं केलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो हसला नाही.

हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, आंबेहळद आणि अंड्याचा लेप दिला, आणि पाय ओढताना माझ्या तोंडात फडकं कोंबलं. बाजेवर घालून मला वाटूरला आणलं. पाय जुळला, पण आखूड जुळला. तो तसाच राहणार हे वैद्यानं नानांना सांगितलं तेव्हा मी जागा होतो. नानांनी विचारलं, "नांगर धरील का?" वैद्य सामान आवरायला लागला. मी एकुलता एक मुलगा. नाना गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी येईपर्यंत निवृत्तीचं गावभर सांगून झालं होतं की मारवाड्याच्या पोरानं मुद्दाम पाडलं. "पोटावर हाय हे दिसून राह्यलं व्हतं त्याला, तरी उभा रे म्हणला. तीनदा म्हणला." ते खरंच होतं, शब्द न् शब्द खरं होतं. आणि कारण काय, तर आम्ही त्याला लसूण चारला, त्याचा राग. स्वतःची खोडी त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि तीच पुरावा म्हणून वापरली. असं डोकं लागतं गावात मोठं व्हायला, आणि पुढं तो झालाही.

मला बाजेवर पडल्या पडल्या उलगडलं. कुंदनच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला बसलो होतो तेव्हाची गोष्ट. भूक लागली होती म्हणून मी आणखी एका फुलक्यासाठी थाळी पुढं केली, आणि दादी चुलीकडं बघतच म्हणाली, "ऊभो रे, ऊभो रे." मी थाळी घेऊन उठून उभा राहिलो. सगळं घर हसलं. कुंदननं मला हाताला धरून खाली बसवलं आणि सांगितलं, "ऊभो रे म्हंजी थांब. दम धर." आमच्यात चालत्या माणसाला 'उभा राह' म्हटलं तर तो थांबेल, पण बसलेल्याला, निजलेल्याला म्हटलं तर तो उठेल. त्यांच्यात बसलेला असो की निजलेला, अर्थ एकच, हलू नको. कुंदन एरवी माझ्याशी आमच्याच बोलीत बोलायचा. पण पापुद्रा सुटताना दिसला तेव्हा भीतीनं त्याच्या तोंडात दादीचा शब्द आला, फक्त आमच्या बोलीचं रूप घेऊन. तो मला वाचवत होता. मी हे मायला सांगितलं. माय म्हणाली, "ताप चढलाय तुला."

कुंदन रोज यायचा. शाळा सुटली की आईनं दिलेला मुगाचा शिरा झाकलेल्या वाटीत घेऊन. पहिल्या दिवशी तो ओसरीची पायरी चढायला लागला तेव्हा माय आतून म्हणाली, "उभा ऱ्हाय." तो अंगणात थांबला. माय भांडी घासत बसली. ऊन तापलेलं, पायात वहाणा नाहीत, हातात वाटी. तो एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मावशी, आत येऊ का?" माय त्याच्याकडं न बघता म्हणाली, "लई गोड शबुद हाय न्हवं तुझा? मंग ऱ्हाय की उभा. माझं लेकरू ऱ्हायलं तसा तू बी ऱ्हाय." मी आतून ओरडलो, "कुंदन, बस रे! सावलीत बस!" तो बसला नाही. ऊन कलेपर्यंत तो उभा होता. मग माय म्हणाली, "जा आता." शिरा तिनं म्हशीला घातला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. माय पुन्हा तेच म्हणाली. गल्लीतली पोरं ते बघायला जमू लागली आणि त्यांनी त्याचं नाव उभाराव ठेवलं. माझ्या मायवर माझं प्रेम होतं. माणसं तिला देवगुणी म्हणत आणि ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसांत मला तिचा तिटकारा आला होता, आणि आता तिच्या वयाच्या पुढं येऊनही तो पुरता गेलेला नाही.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो. कुंदनला मारवाडात मामाकडं पाठवून दिलं. तो पुन्हा वाटूरला आला नाही, बापाच्या मौतीलाही नाही. तिकडं त्याचं लग्न झालं, मुलं झाली, असं कानावर येत राहिलं. मी नांगर धरला नाही, परतूरला आडतीत कारकुनी केली. आता राहिला तो फक्त आमच्या अंगणातला एक तिसरा प्रहर.

नानांनी चार माणसं बोलावली होती. मला चालता येत नव्हतं म्हणून बैठक आमच्याच अंगणात, निंबाखाली घोंगड्या टाकून. माझी बाज ओसरीवर आणली होती. शेटजी आले, घोंगडीवर बसले. कुंदन त्यांच्या मागं नुसत्या मातीत बसला, एक गुडघा उभा, एक हात जमिनीवर. निवृत्तीनं सगळं सांगितलं. मग मी सांगितलं, थाळीची गोष्टसुद्धा. कुणी हसलं नाही. नाना मिशीवरून हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "पोरगं म्हणून राह्यलं की शेटजींच्या घरच्या बोलीत उभा रे म्हंजी थांब. तसं असंल तर पोराचा कसूर न्हाई. मी बिलकुल काही म्हणणार न्हाई. पण ते शेटजींनी सांगावं. शेटजी, तुमची घरची बोली कंची? आमची का दुसरी?"

मला त्या प्रश्नातला गळ तेव्हा दिसला नाही. मला वाटलं, सुटला कुंदन. एक शब्द बोलायचा होता. शेटजींनी चौघांच्या तोंडाकडं पाहिलं. ती चारही माणसं त्यांच्या दुकानात रोज बसणारी, पान खाणारी, त्यांना 'आपले शेटजी' म्हणणारी. चौघंही वाट बघत होते. शेटजींचे कान लाल झाले.

"आमची कोणची येगळी बोली, नाना?" ते म्हणाले, आणि हसले. "माझा आजा हितं आल्ता. माझी नाळ हितं पुरली. तुम्ही बोलता त्येच आम्ही बोलतो. घरात बी, दुकानात बी. उभा रे म्हंजी उभा रे."

"खोटं हाय!" मी बाजेवरून ओरडलो. "दादीला इचारा! दादीला बलवा!" मायनं माझ्या तोंडावर हात दाबला. तिच्या हाताला राखेचा वास होता. त्या हाताच्या वरून मला सगळं दिसत होतं.

कुंदन बापाच्या पाठीकडं बघत होता. त्याला आधी समजलंच नसावं. मग तो पुढं झुकला आणि बारीक आवाजात बोलायला लागला, "बापूजी, पण आपां घर में तो..."

"ऊभो रे!" शेटजी गरकन वळून ओरडले.

आणि कुंदन गप्प झाला. तो उठला नाही. जसा होता तसा, एक गुडघा उभा, एक हात मातीत, तोंड अर्धवट उघडं, तो बसून राहिला. हललासुद्धा नाही.

ऐकलं सगळ्यांनी होतं, पाहिलंही सगळ्यांनी होतं. एकानं वहाणेचा अंगठा नीट केला. एक जण निंबाकडं बघायला लागला. नानांनी कुंदनकडं पाहिलं, शेटजींकडं पाहिलं, आणि मी माझ्या बापाचं तोंड ओळखत होतो, त्यांना कळलं होतं. माझ्या तोंडावरचा मायचा हात क्षणभर सैल पडला. मग तिनं तो जास्तच घट्ट दाबला.

"शेटजी बोलले, मिटलं," नाना म्हणाले. "पोराला गावात ठिवू नका."

शेटजींनी मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं. मग चौघांना ऐकू जाईल अशा बेतानं, अगदी आमच्या बोलीत, ते पोराला म्हणाले, "ऊठ रे."

आणि कुंदन उठला.